साट्याचं लग्न

प्रिय मेरामण,

‘प्रिय’ लिहिलं खरं. अजून आहेस, हीच तर चीड आहे.

तुझा निरोप पोचला. “रूपलला जरा समजाव, बायका बायकांचं ऐकतात.” वा रे मर्दा! मेळ्यात मिशीला पीळ देत फिरतोस, आणि सख्ख्या बहिणीशी बोलायची वेळ आली की माझ्या ओढणीआड लपतोस! सासू होणाऱ्या तुझ्या बाला हिंडणारी सून नको होती, म्हणून मी दुसऱ्या वर्षातच कॉलेज सोडलं. तेव्हा तू काय खुशीत होतास! “मी तुला नेतो, तुझा भिखूभाई रूपलला नेईल. साटं फिटलं, कटकट मिटली.” जशा काही दोन म्हशीच बदलायच्या होत्या. आणि तू मिळणार या आनंदात मीही साखरपुड्याचे गूळ-धणे खाल्ले.

तुझ्या शब्दाखातर गेले मी जामनगरला, तिच्या नर्सिंगच्या हॉस्टेलवर. बाजरीचे रोटले आणि भाजल्या वांग्याचा ओळो नेला. पोरीनं बोटं चाटून खाल्लं. हसून म्हणाली, “मी तुमची भाभी, तुम्ही माझ्या भाभी. पाया कुणी कुणाच्या पडायचं?” मग हसू ओसरलं. “भिखूभाई वाईट नाहीत. पण मला त्यांच्याशी लग्न करायचं नाही, मला नर्स व्हायचंय. आमचे बापू म्हणतात, नाही म्हणालीस तर कोर्स बंद, घरी बस. भाभी, प्रेम तुमचं, आणि नांदायचं मी?”

वाटेत बसमध्ये घोकलेलं सगळं भाषण तसंच परत घेऊन आले. एवढी साधी गोष्ट तुला भाऊ असून कळली नाही? की कळली, आणि सोयीची नव्हती?

आपल्यात साट्याची एक बाजू मोडली की दुसरीही मोडते. फक्त मोडली कुणी, एवढंच लोक विचारतात. म्हणून काल आमच्या ओसरीवर सगळे वडीलधारे बसले असताना मी उभी राहिले आणि म्हटलं, मला मेरामण नको. आमच्यातले सर्वांत थोरले भीमाबापा चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, “का गं, दुसरा कुणी गाठलास?” म्हटलं, “दुसरा कशाला बापा, पहिल्यानंच पोट भरलं!” माझी बा रडतेय, दोन्ही पोरांची घरं बुडवलीस म्हणून. भिखूभाई माझ्या हातचं पाणी घेत नाही. कॉलेजात परत घेतील की नाही, ठाऊक नाही. पण आज सकाळी आरशासमोर वेणी घालताना मान खाली गेली नाही.

उद्या आमची माणसं तुमच्याकडे येतील. त्याआधी हे तुझ्या हाती पडावं, म्हणून लिहिलं. मला खुशाल शिव्या दे, चारचौघांत दे. पण मोडलं ते हीरलनं, रूपलचा यात काही दोष नाही, हे बापूंना तूच सांगायचंस. तिचा कोर्स बंद पडता कामा नये. एवढं तरी कर. आणि बदल्यात कुणाला न देता मला मागायची छाती कधी झालीच, तर ये. वाट बघत बसणार नाही.

तुझीच, पण साट्यातली नव्हे,
हीरल