सतरा नंबरची बाटली

नागपूर, ४ डिसेंबर १९८२

ती. कृष्णदादास गोपिकाचा सा. न.

प्रताप नगरात थंडी आहे आणि बाबांचा दम वाढला आहे. तीस वर्षे गिरणीत कापसाची धूळ खाल्ली, ती छातीतून निघत नाही. मोरीपर्यंत जायला दोनदा बसतात. पाय सुजले आहेत.

दवाखान्यातले मोठे डॉक्टर हृदयाची एक गोळी फुफ्फुसाच्या जुनाट रोग्यांना देऊन पाहत आहेत. गुरुवारी बाबांनी सही केली. सतरा नंबरची बाटली मिळाली. पण निम्म्या बाटल्यांत औषध, निम्म्यांत तशाच दिसणाऱ्या नुसत्या भुकटीच्या गोळ्या. कोणाला काय, हे डॉक्टरांनाही ठाऊक नाही, कोणत्या नंबरात काय हे लिहिलेली पाकिटे बंद आहेत. मी हात जोडून पाहिले. बाबा मात्र खुशीत. मलाच विचारतात, काहून रडून राहिली वं.

दादा, हा जुगार मला सोसवत नाही. गोळीचे नाव पत्रामागे लिहिले आहे, काहीतरी कर. वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो असू द्यावा.

तुझी गोपिका

भिलाई, १३ डिसेंबर १९८२

चि. गोपिकास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. तीच गोळी इथल्या औषधवाल्याकडे मिळाली. आपले ताराचंदभाऊ नाताळानंतर नागपूरला येतील, त्यांच्या हाती पाठवतो. सकाळ-संध्याकाळ एकेक दे. बाटलीत भुकटी असली तरी निदान औषध पोटात जाईल. बाबांना सांगू नकोस, ते ऐकायचे नाहीत. मला रजा नाही, याची लाज वाटते. जपून राहा.

तुझा दादा

नागपूर, ७ जानेवारी १९८३

ती. दादास सा. न.

गोळ्या कुटून वरणात घातल्या. चौथ्या दिवशी बाबा नळापाशी कोसळले. नाडी लागत नव्हती. दुसरे काही दिले का, असे डॉक्टरांनी विचारले. आधी मी नाही म्हटले, मग सांगितले. त्यांनी पाकीट फोडले. सतरा नंबरच्या बाटलीत औषधच होते. मी दुप्पट चारले. पायांची सूज उतरू लागली होती, ते मी पाहिलेच नाही.

जीव वाचला, पण प्रयोगातून नाव कापले गेले. शुद्धीवर आल्यावर बाबा डॉक्टरांना एवढेच म्हणाले, "गिरणीतले लोक माह्यासारखेच खोकलून राहिले, साहेब. पह्यले तीन आठवडे तरी हिशेबात धरा." धरता येत नाहीत म्हणे, एकही नाही.

डॉक्टर आता ती गोळी उघडपणे द्यायला तयार आहेत. बाबा माझ्या हातून पाणीसुद्धा घेत नाहीत. रात्रंदिवस बसूनच असतात, ओठ निळे पडतात. रजा मिळो न मिळो, तू ये. गोळ्या कोणी पाठवल्या हे मी त्यांना सांगितलेले नाही. तुझ्या हातून घेतील.

लोभ ठेव असे लिहायला हात धजत नाही.

गोपिका