खिडकीतल्या बश्या

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, पिकांच्या रोगांची निवृत्त संशोधक. डोळे अधू झाले आहेत, डोके नाही. कोणी सांगितले म्हणून नव्हे, माझ्या मर्जीने हे लिहीत आहे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर धाकट्या बहिणीला. सूक्ष्मदर्शक भाचीला, ती माझ्याच जुन्या प्रयोगशाळेत काम करते.

२. माझ्या चाळीस वह्या ग्रंथालयाला, पण कोणालाही पाहता येतील या अटीवर. फसलेल्या प्रयोगांची पाने फाडू नयेत. मी ती कधी छापली नाहीत, म्हणून एका परदेशी संशोधिकेची दोन वर्षे त्याच चुकीत गेली. तिने तसे पत्र लिहिले. मी उत्तर दिले नाही.

३. विभागप्रमुखांना काहीही नाही. ते वारले आहेत, तरी नोंद असावी. माझ्या शोधनिबंधावर त्यांनी स्वतःचे नाव आधी घातले आणि मी मूग गिळून बसले.

४. मात्र मीही वेगळे काही केले नाही. पानांवरचा तांबेरा उन्हात वाढत नाही, असे सांगणारा तो निबंध. पुढच्या ३१२ निबंधांनी त्याचा आधार घेतला आहे. ही गोष्ट प्रथम पाहिली प्रयोगशाळेतले काचसामान धुणाऱ्या मावशींनी; रोग लावलेली पाने आम्ही काचेच्या बश्यांत ठेवत असू. "बाई, खिडकीतल्या बश्यांमधल्या पानांवर डाग पडत नाहीत," एवढेच त्या म्हणाल्या होत्या. त्यांचे नाव मी आभारातही घातले नाही. गेल्या वर्षी नियतकालिकाला कळवून त्यांचे नाव घालणारी दुरुस्ती छापून घेतली आणि ते पान घेऊन त्यांच्या घरी गेले. अर्थ समजावून सांगितला.

"ऊन? छे," त्या म्हणाल्या. "त्या बश्या जुन्या होत्या, घासून निघत नव्हत्या. त्या मी सोड्यानं धुवायचे. बाकीच्या साबणानं."

"तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

 

५. म्हणून बँकेतील ठेव भाचीने एकाच कामी लावावी. सोड्याच्या आणि साबणाच्या, दोन्ही बश्या उन्हात व सावलीत ठेवून प्रयोग पुन्हा करावा. मावशींना शेजारी बसवून, प्रत्येक पायरीला त्यांना विचारून. जे निघेल ते छापावे. पहिले नाव मावशींचे. माझा निबंध खोटा ठरला, तर त्या ३१२ निबंधांच्या लेखकांना एकेक पत्र जावे. लिफाफ्यांवर पत्ते मी घातले आहेत.

सही

साक्षीदार, ज्यांच्यासमोर सही केली:
वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य (सही)
कोपऱ्यावरचे छापखानेवाले (सही)

राहत्या घरी, जेवणाच्या टेबलावर.
गुरुवार, १४ मार्च, सकाळी.