बिनमिठाचा रेणू

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
१९ ऑगस्ट २०२५

ती. रत्नमालाआत्या,

पाया पडते. गुडघा कसाय? टपरीवर लेण्यांचे पाहुणे वाढले असतील, फार उभी राहू नको. इथं हवा लई दमट, कपडे वाळता वाळत नाहीत. तुझं पत्र मिळालं. पाकिटावर आतापासूनच 'डॉ. तनुजा' लिहितेस, पोस्टमन हसला.

गणपतीत माझ्या सरांचा सत्कार करायचा म्हणतेस. शाल आणली नसशील तर राहू दे. आणली असशील तर तूच पांघर.

फोनवर हे बोलता आलं नसतं, म्हणून लिहितेय.

आमच्या सौर सेलमध्ये ऊन पिणारा एक काळा थर असतो आणि त्यातून धन भार बाहेर वाहून नेणारा दुसरा, सेंद्रिय रेणूंचा. या दुसऱ्या थरात लिथियमचं मीठ घालतात, त्याशिवाय तो भार नीट वाहून नेत नाही. पण तेच मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि सेल नासतो. मी बनवलेला रेणू बिनमिठाचाच चालतो, असा लेख आम्ही एका विज्ञान मासिकात छापला. बनवणारानं नाव ठेवायचं अशी आमच्याकडं रीत, म्हणून मी 'रत्नमाला' ठेवलं. तू अख्ख्या फर्दापुरात पेढे वाटलेस.

या पावसाळ्यात आमचे सगळे सेल पिवळे पडले, अगदी मीठवाल्यांसारखे. माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. रेणूचं द्रावण कायम सरच कालवायचे, "तुझा हात जड आहे" म्हणून. एकदा ते नसताना मी स्वतः कालवलं, मिठाशिवाय. वीज नावालासुद्धा आली नाही.

सरांना विचारायला गेले. चहात खारी बुडवून खात होते. म्हणाले, "अगं, चिमूटभर घालतो मी. सगळेच घालतात."

"सगळे सांगून घालतात, सर."

तर खी खी हसले. मिशीला खारीचा लगदा. "पुढच्या महिन्यात डॉक्टर होशील. गप बस की."

शी! अशी शिसारी आली आत्या, की अजून खारी बघवत नाही. या माणसाच्या मी गुरुपौर्णिमेला पाया पडायचे! आठवलं की हात धुवावेसे वाटतात. लबाडी केली ती केली, वर मला त्यात वाटा देतोय, जसा काही प्रसादच.

मी मासिकाला सगळं कळवलंय, लेख मागं घ्या म्हणून. माझा प्रबंध त्याच लेखावर उभा होता, तोही गेला. दुसरे सर मला घेतील का, माहीत नाही. व्हय, रडले. लई रडले.

वाटलेले पेढे काही परत मागता येत नाहीत. कुणी विचारलं तर सांग, रेणू नापास झाला. पण लबाडीला तुझं नाव चिकटलेलं मला बघवेना. ते काढून घेतलंय.

रागावली असशील तरी पत्र लिही. पाकिटावर जपून लिही तेवढं.

तुझी,
नुसती तनुजा