म्हैस चेअरमनसाहेबांना, अटीसह

मी, जालिंदर गुंडा होवाळ, वय ६१, धर्म बौद्ध, राहणार मौजे बोरजाईवाडी, तालुका कवठे महांकाळ, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणाचे दडपण नाही. पत्नी राहीबाई समोर बसली आहे, पण ते दडपण लग्नापासूनचे असल्याने धरू नये.

१. घर, बँकेतली शिल्लक आणि लहान रेडी राहीबाईची.

२. टाइपरायटर मुलगी जाईबाई हिला. सांगलीच्या नियोजन कचेरीत नोकरीभर मी मागासवर्गीयांच्या आर्थिक योजनांचे मसुदे यावरच बडवले. माझी छत्री तिथल्या साहेबांनी नेली ती त्यांच्याकडेच राहू द्यावी, म्हणजे पाऊस आला की त्यांना माझी आठवण होईल.

३. माझी चंद्री म्हैस गावच्या दूध संस्थेचे चेअरमन लालासाहेब यांना. कारण सांगणे भाग आहे. भूमिहीनांना कर्जाने म्हशी देण्याची योजना मी आखली. आमच्या बौद्ध वस्तीत म्हशी आल्या, आणि संस्थेने वस्तीच्या दुधाला वेगळा कॅन ठेवला. शहरात दोन्ही कॅन एकाच टाकीत ओततात. हे मी दुधाच्या ट्रकमध्ये स्टेपनीवर बसून जाऊन पाहिले. कंबर अजून दुखते. लालासाहेबांना सांगितले तर म्हणाले, "तितं काय बी करू द्यात. हितली रीत हाय." मला फार राग आला, तो अजून उतरलेला नाही.

पण चंद्रीवर त्यांचा डोळा आहे. दर बेंदराच्या सणाला माणूस पाठवून विचारतात. म्हणून अट अशी, की तिचे दूध त्यांनी स्वतः संस्थेत घालावे, आणि ज्या कॅनात ते ओततील त्याच कॅनात साऱ्या वस्तीचे दूध जावे. अट मोडल्यास म्हैस राहीबाईकडे परत.

राहीबाई म्हणते, "आवं, मेल्यावर तरी गप बसा." नोंद घेतली.

४. कलम तीन वाचून दाखवायला काल लालासाहेबांना बोलावले. म्हैस मिळणार म्हणून फेटा बांधून आले. अट ऐकून उठले, गोठ्यात जाऊन चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवून आले. मग म्हणाले, "घालतो की गावाच्या कॅनात. म्हशीला कुटं जात असती व्हय?"

मी म्हणालो, "चेअरमन, जन्मभर मी दुसरं काय टाइप करत होतो?"

तरी कलम तीनसाठी माझ्या मरणाची वाट बघू नये. चंद्री उद्या सकाळीच न्यावी. सगळ्यांचे दूध एका कॅनात पडताना मला जिवंतपणी बघायचे आहे.

सही: जालिंदर गुंडा होवाळ
लालासाहेबांचे वाक्य कानांनी ऐकलेले साक्षीदार:
कृष्णात बाबू माळी (सही)
येसूबाई धोंडिराम होवाळ (डावा अंगठा)
बोरजाईवाडी, ३ ऑगस्ट १९७८