जवळ असणं आणि आपलं असणं

प्रिय आईला, इथूनच वाकून नमस्कार.

मी बरी आहे. खोली उबदार आहे, जेवणही वेळेवर होतं. काळजी करू नकोस.

काल जपानीची दुभाषी म्हणून मला इथल्या पोलीस ठाण्यात बोलावलं होतं. दवाखान्यात रुग्णांची देखभाल करणारी एक जपानी बाई, तुझ्याच वयाची, भेदरून बसली होती. तिच्या खिशात एका पेशंटची सोन्याची साखळी सापडली होती. साहेबांनी इंग्रजीत विचारलं, ‘साखळी तुझ्या पझेशनमध्ये होती?’ मी जपानीत ‘शोजी’ म्हटलं, म्हणजे नुसतं जवळ असणं. ती ‘हो’ म्हणाली. साहेबांनी लिहून टाकलं, साखळी आपलीच असल्याचं बाई सांगते.

मी लगेच त्यांना अडवलं. म्हटलं, ‘साहेब, थांबा. मालकीला जपानीत शोयू म्हणतात. तो शब्द इथे कुणी उच्चारलाच नाही. तुमच्या ‘पझेशन’ या शब्दात दोन्ही अर्थ बसतात.’

‘तुम्ही दुभाषी की वकील?’ ते खेकसले.

पण त्यांनी दवाखान्यात फोन लावला. ऑपरेशनला जाताना पेशंटनेच साखळी सांभाळायला दिली होती. बाई सुटली, जाताना तिला माझा हात सोडवेना. साहेबांनी मात्र माझी तक्रार केलीय. पुन्हा बोलावतील की नाही, देव जाणे. तू मनाला लावून घेऊ नकोस.

ताईकडे राहायला गेल्यापासून गुडघे कसे आहेत? आणि आई, निघताना घराची किल्ली काकांकडे दिलीस ना? ताईला शेजारी बसवून त्यांना फोन कर. किल्ली नुसती सांभाळायला दिलीय, हे त्यांच्या तोंडून वदवून घे. हसत हसत बोल, पण बोल.

तुझी,
धाकटी