रंग फुकट

प्रिय चिमे,

मावशीकडे तुझं बरं चाललं असेल असं धरून चालते. नसलं तरी तू कळवणार नाहीस. मावशीच्या फोनवर मागून तुझ्या हसण्याचा आवाज येतो, तेवढ्यावर आई खूश असते. मला मात्र तुझ्याशी फोनवर बोलता येत नाही. दोन वाक्यांत तू मला हसवतेस आणि जे बोलायचं ते राहूनच जातं. म्हणून लिहायला बसले. कागदावर तुला मध्येच तोंड घालता येत नाही, एवढा तरी फायदा.

आधी इकडची खबर. आईचा गुडघा बरा आहे, पण मला बघितलं की दुखतो. तुझ्या पार्लरच्या दाराला लावलेलं सील तसंच आहे. समोरचा शिंपी आपली पायरी झाडतो तेव्हा रस्ता ओलांडून तुझीही झाडून जातो. आरशांवर धूळ साचली असेल म्हणून आई हळहळत होती. मी म्हटलं, बंद खोलीत धूळ उलट कमी बसते. तर म्हणाली, तुला काही कळत नाही. तू असतीस तर काय म्हणाली असतीस कोण जाणे, पण आई हसली असती हे नक्की.

नळाला आता सकाळी थोडा वेळ तांबडं पाणी येतं, मग बऱ्यापैकी स्वच्छ. पाण्याच्या कंपनीने मोठी पाइपलाइन बदलायला घेतली आहे आणि आमच्या शाळेसमोरचा रस्ता उभा खणून ठेवला आहे. येणारा-जाणारा खड्ड्यात डोकावतो आणि म्हणतो, चिमीमुळे झालं हो हे. दूधवाला म्हणतो, आमचा शिपाई म्हणतो, माझ्या वर्गातल्या मुलांच्या आया म्हणतात. मी प्रत्येक वेळी मान डोलावते. डोलावून डोलावून मानेला पट्टा लावायची वेळ आली आहे.

चिमे, तुला खरंच वाटतं का, की हे तुझ्यामुळे झालं? मी भांडत नाही, विचारते आहे. पाणीपुरवठा कंपनीकडे गेला आणि नळातून कोऱ्या चहासारखं पाणी यायला लागलं, तेव्हा तू गिऱ्हाइकांच्या भुवया कोरत होतीस. बाटल्या भरून शाळेच्या प्रयोगशाळेत पाणी कोणी तपासलं? मी. आपल्या प्रयोगशाळेचं कोण मानणार, म्हणून बाहेर पाठवून अहवाल कोणी आणला? मी. पाण्यात गंज आहे, शुद्धीकरणाच्या टाक्यांमधले पाण्यात हवा खेळवणारे पंखे विजेचा खर्च वाचवायला बंद ठेवलेत आणि बिलात शुद्धीकरणाचा आकार मात्र चालू आहे, हे सगळं शोधून काढणारी मी. अर्ज केले, स्मरणपत्रं पाठवली, पोच घेतल्या. शाळेच्या हॉलमध्ये सभा बोलावली. सभेला माणसांपेक्षा खुर्च्या जास्त होत्या. तू शेवटच्या रांगेत बसली होतीस आणि जाताना मला म्हणालीस, “ताई, काही म्हण, खुर्च्यांनी मन लावून ऐकलं.” त्या दिवशी मी घरी येऊन जेवले नाही. तुला हे माहीत नसेल.

मग तो सरकारी हुकूम निघाला. पाण्याला जाहीरपणे गढूळ म्हणायचं नाही, नळाचे फोटो काढून पसरवायचे नाहीत, म्हणायचंच असेल तर ‘छटायुक्त’ म्हणायचं. नाहीतर घबराट पसरवल्याचा गुन्हा. कंपनीच्या मोठ्या साहेबांनी कॅमेऱ्यासमोर ग्लासभर पाणी पिऊन दाखवलं, तेही काचेसारखं स्वच्छ. तो हुकूम वाचून मी तडक टेबलाशी बसले. रात्र जागून त्याला कलमवार उत्तर लिहिलं, आणि सकाळी शाळेला जाताना तुझ्या दुकानापाशी ही गर्दी दिसली. मला वाटलं, तुला काही झालं. धावत आले. बघते तर सगळे हसतायत. दाराशी तुझा दरफलक, आणि त्यावर खडूने तुझं ते कोंबडीच्या पायांचं अक्षर: ‘केस धुवून मिळतील. रंग फुकट.’

मलाही हसू आलं. ते आधी कबूल करते, कारण पुढचं कबूल करणं अवघड आहे. हसू ओठांवर असतानाच तुझा रागही आला. माझं कलमवार उत्तर पर्समध्ये होतं. मी ते तुला दाखवायला आणलं होतं.

पुढचं तर गावभर झालं. इन्स्पेक्टर येऊन फलक पुसून गेला, दुसऱ्या दिवशी तू लिहिलंस, ‘केस धुवून मिळतील. रंगाबद्दल बोलायला बंदी आहे.’ मग शिंप्याने लावलं, ‘पांढरे कपडे शिवून मिळतील. पांढरे राहण्याची हमी कंपनीकडे मागावी.’ चहावाल्याने लावलं, ‘आमच्या चहात चहापत्तीसुद्धा घालतात.’ फोटो स्टुडिओवाल्याने तर नळाला पडदा लावला आणि ‘फोटो काढण्यास मनाई’ म्हणून वर पाटी ठोकली. जे लोक माझ्या सभेला अर्धा तास काढू शकले नव्हते, ते पाट्या वाचायला वाकडी वाट करून बाजारात यायला लागले. तुझ्या भावोजींनी तर तुझ्या फलकाचा फोटो फोनवर असा लावला की फोन उघडला की आधी तोच दिसावा. माझा अहवाल त्यांनी पहिल्या पानापर्यंत वाचलाय. विचारलं तर म्हणतात, पुढे आकडे आहेत ना. त्या आकड्यांसाठी मी पदरमोड केली होती. असो.

एका मुलीची आई शाळेत आली होती, अभ्यासाबद्दल बोलायला. मी तिला तिच्या मुलीचं सांगत होते आणि ती माझ्याकडे टक लावून बघत होती. शेवटी म्हणाली, “तुम्ही त्या पार्लरवालीच्या सख्ख्या बहीण ना? वाटत नाही.” मी म्हटलं, हो, सगळे तेच म्हणतात.

लहानपणापासून तेच तर आहे. बाबांच्या शेवटच्या आजारपणात औषधांच्या वेळा मी सांभाळल्या, चादरी मी बदलल्या, डॉक्टरांशी मी बोलले. तू संध्याकाळी यायचीस, डॉक्टरांची नक्कल करायचीस, आणि बाबा खोकला येईपर्यंत हसायचे. तू गेलीस की मला विचारायचे, चिमी उद्या किती वाजता येणार? गोळी मी हातात ठेवलेली असायची. मला तेव्हा वाटायचं, देवाने आपल्या दोघींत वाटणी करताना सरळ सरळ लबाडी केली. मला काम दिलं आणि तुला त्याचं कौतुक.

कंपनीच्या फाटकावर मोर्चा गेला त्या दिवशी मी मागे होते, हातात फाइल घेऊन. तुझी ओळ लोकांनी चादरीवर रंगवून आणली होती. आतून कंपनीचा इंजिनिअर आला, पाणी सुरक्षित आहे म्हणून सांगायला लागला, आणि गर्दीतून कोणीतरी शांतपणे म्हणालं, मग साहेब, शर्ट काढा, धुवून देतो. सगळं फाटक हसलं. इंजिनिअरही हसला. हसला, आणि मग त्याला पुढचं खोटं बोलता येईना. टाक्यांचे पंखे बंद होते, हे त्याने तिथेच कबूल केलं. तेच वाक्य मी दोन वर्षं अर्जात लिहीत होते. माझ्या हातात त्याचा पुरावा होता आणि कोणी वळून मला विचारलं नाही. तुला खांद्यावर घेतलं होतं. वरून तू मला हात केलास. मी दिसलं नाही असं दाखवलं.

मग सरकारी लोकांनी सूड उगवला. दरफलकावर दरांखेरीज मजकूर लिहिला, या कारणाने तुझं दुकान बंद. सील लावताना तू त्या माणसाला म्हणालीस, जरा सरळ लावा, गिऱ्हाइकं नावं ठेवतील. बाजार हसला. पण आईने सांगितलं की घरी येऊन तू दुकानाची किल्ली ओट्यावर काढून ठेवलीस आणि दुसऱ्या दिवशी मावशीकडे निघून गेलीस. मला वाईट वाटलं. आणि चिमे, हेही लिहिते, थोडं बरंही वाटलं. वाटलं, आता जरा गाव शांत होईल. आता कोणी माझ्याशी बोलताना तुझं नाव काढणार नाही. कुठे काय. तू गेल्यापासून तर जास्तच काढतात.

गेल्या आठवड्यात तुझी सुनावणी झाली. तू येणार नव्हतीस म्हणून तुझ्या वतीने मी गेले, एवढं तुला आईने सांगितलंय. तिथे काय झालं ते सांगितलं नसणार, कारण मी कोणालाच धड सांगितलं नाही. हॉल गच्च भरला होता. माझ्या सभेचाच हॉल, खुर्च्याही त्याच. अधिकारी पुरावा म्हणून तुझे फलक एकेक करून वाचत होते, हजेरी घ्यावी तशा आवाजात. प्रत्येक ओळीला लोक हसत होते. ते चिडून म्हणाले, हसणाऱ्यांना बाहेर काढू. त्यावर आणखी हशा. मग त्यांनी माझ्याकडे मोहरा वळवला. “बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. ‘रंग फुकट’ यात विनोद काय आहे, ते सांगा.”

मी उभी राहिले. मला विनोद सांगता येत नाही, तुला माहीतच आहे. मी म्हटलं, “साहेब, यात विनोद नाही. पाण्यात लोह जास्त असेल तर पांढरे केस तांबूस होतात. आणि त्याचे वेगळे पैसे आम्ही घेतलेले नाहीत.”

चिमे, हॉल असा हसला की छपराचे पत्रे वाजले असतील. आधी माझा चेहरा पडला. वाटलं, मलाच हसतायत, खुर्च्या बऱ्या होत्या. मग बघितलं तर शिंपी डोळे पुसत माझ्याकडे बघत होता, आपल्या माणसाकडे बघावं तसं. अधिकाऱ्यांनी विचारलं, लोह जास्त म्हणजे किती? मी सांगितलं. आकडे सांगितले, सगळे, फाइल न उघडता. आणि लोकांनी ऐकले गं. हसून मोकळे झालेले लोक आकडेही ऐकतात, हे मला इतकी वर्षं शिकवून कळलं नव्हतं. पाठीवरून काहीतरी गरम गेलं. मी खाली बसले तेव्हा मनात पहिला विचार आला तो असा, की हे सुख ही मुलगी लहानपणापासून रोज खातेय आणि मला कधी एक घासही दिला नाही. आधी मी तुझ्यावर नुसती जळत होते. आता कशावर जळतेय ते कळलंय, त्यामुळे जास्त जळते.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. सुनावणी संपल्यावर अधिकाऱ्यांनी मला खोलीत बोलावलं आणि म्हणाले, तुमच्या बहिणीने माफी लिहून दिली की सील काढतो. आई म्हणाली, तूच समजाव तिला, तुझं ऐकेल. तुझे भावोजीही म्हणाले, एक सही करून दुकान उघडत असेल तर करू दे. मी माफीचा मसुदा लिहायला घेतला, आणि खोटं कशाला बोलू, मन लावून लिहिला. अर्ज लिहिण्यात माझा हात कोण धरणार? तू मान खाली घालून सही करतेयस असं चित्र डोळ्यांपुढे होतं आणि ते मला आवडत होतं. मग अधिकाऱ्यांनी घालायला सांगितलेलं शेवटचं वाक्य आलं: ‘मी पाण्याबद्दल लिहिलेल्या मजकुरात काहीही तथ्य नव्हतं.’ पेन तिथेच थांबलं. तथ्य नव्हतं कसं? तथ्य माझं होतं. तू फक्त ते लोकांना हसत हसत गिळायला लावलंस. तो कागद मी चुलीत घातला. या पाकिटात तो नाही, शोधू नकोस. आईला अजून सांगितलेलं नाही, तू आल्यावर दोघी मिळून बोलणी खाऊ. येत्या गुरुवारी पुढची सुनावणी आहे, बुधवारी संध्याकाळपर्यंत ये. सही करायची नाही. दोघी शेजारी बसू. फक्त एक अट आहे, आणि ती मोडलीस तर बघ. आधी मी बोलणार. तू एकदा तोंड उघडलंस की माझं कोण ऐकतंय?

नाइलाजाने का होईना, तुझीच,
ताई