दोघींपुरती रुंदी

बुधवार, ९ ऑक्टोबर

ती. ताईंना,

धाकट्या जावेचा नमस्कार. भाऊजींनाही सांगा.

इकडे आम्ही सगळे ठीक. ह्यांच्या गुडघ्यांचं रडगाणं रोजचंच आहे, पण चहाची हाक मारली की गुडघे आपोआप चालायला लागतात. मुलाची बदली झाली. तो दर रविवारी फोन करतो आणि दर रविवारी विचारतो, "आई, तू अजून दुकान चालवतेस?" चालवते. शाळेसमोरचं तेच दुकान, तेच गणवेश, तेच मशीन. फक्त पोरं जाड झालीत आणि कापड पातळ.

इतक्या वर्षांनी हिला पत्र लिहायचं कुठून सुचलं, फोन नव्हता का करता येत, असं तुमच्या मनात येईल. त्याचं मागाहून सांगते. आधी बातमी.

शाळेचा रस्ता झाला, ताई. आपला. पाण्याच्या टाकीपासून शाळेच्या फाटकापर्यंत, गाड्यांपासून वेगळा. मध्ये झाडांची ओळ, एका अंगाला चालणाऱ्यांची जागा, दुसऱ्या अंगाला सायकलींची. येत्या शनिवारी नाही, त्याच्या पुढच्या, म्हणजे एकोणीस तारखेला सुरू होतोय. भाषणं होणार, फीत कापणार. ती कात्री माझ्या दुकानातून जाणार आहे, कारण पालिकेची मागच्या वेळी कापलीच नाही.

हे सगळं माझ्या डोक्यात शिरलं कसं, ते ऐका. तुम्ही गाव सोडून गेल्यानंतर शाळेसमोर फार वाईट परिस्थिती झाली. रस्त्यावर गाड्या फार म्हणून पोरांना गाडीतून सोडायचं, आणि पोरांना गाडीतून सोडतात म्हणून रस्त्यावर गाड्या फार. मी मशीनवर बसून रोज सकाळी हा तमाशा बघायचे. एकदा मागे येणाऱ्या गाडीखाली एक सायकल गेली. पोरगी उडी मारून वाचली. तिची फाटलेली पँट माझ्याकडेच शिवायला आली. ती शिवता शिवताच मी ठरवलं की आता गप्प बसायचं नाही. मी गप्प बसायची नाही म्हटल्यावर काय होतं, ते तुमच्याइतकं कुणाला माहीत!

आधी सायकल-रांग सुरू केली. टाकीपाशी सगळी पोरं जमतात, पुढे खेळाचे मास्तर, शेवटी मी, मध्ये पोरं. गळ्यात शिट्टी. ह्यांनी मला पहिल्या दिवशी पाहिलं आणि म्हणाले, "वाहतूक पोलीस निघाले." मग वेगळ्या रस्त्यासाठी मी मुख्याध्यापकांच्या मागे लागले, पालकांच्या मागे लागले, पालिकेत खेपा घातल्या. कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं आकाशपाताळ एक केलं, कारण त्याच्या गिऱ्हाइकांना दारात गाडी लावता येणार नव्हती. मी त्याला म्हटलं, "अहो, चालत आली माणसं तर औषधं कमी लागतील ही भीती आहे का?" तेव्हापासून तो मला खोकल्याचं औषधसुद्धा तोंड वळवून देतो.

पालिकेनं एक इंजिनियर बाई पाठवली. तरुण, हुशार, मनापासून काम करणारी. तिचं म्हणणं, सायकलींनी एकामागून एक जायचं, तेवढी रुंदी पुरे, उरलेल्या जागेत आणखी झाडं बसतील. मी म्हटलं, नाही. दोन सायकली शेजारी-शेजारी जायला हव्यात.

ती म्हणाली, "काकू, रस्ता जायला असतो, गप्पा मारायला नाही."

मी म्हटलं, "मग तुम्ही मैत्रिणीबरोबर कधी शाळेत गेलाच नाहीत."

चिडली ती, आणि चिडावं असंच मी बोलले होते. पण पुढच्याच आठवड्यात दुकानात आली, स्टुलावर बसली आणि म्हणाली, "गेले होते. आता ती परदेशात असते." मग आम्ही दोघींनी शाळेच्या मैदानावर खडूनं रेघा मारल्या, पोरांच्या जोड्या सोडल्या, आणि कुठल्या रुंदीला कोपराला कोपर लागत नाही ते बघितलं. तिनं तिच्या टेपनं मोजलं, मी माझ्या. दोन्हींचं उत्तर एकच आलं, आणि तेवढी रुंदी तिनं वरच्यांशी भांडून मंजूर करून आणली. झाडं थोडी कमी झाली. त्याचं मला वाईट वाटतं.

सभेत सगळ्यांनी विचारलं, एवढा हट्ट कशासाठी? मी सांगितलं, पोरं बोलत जातात, एकामागून एक कधीच जात नाहीत. तेही खरंच होतं. माझं कारण मी कुणाला सांगितलं नाही. तुम्हाला सांगायची गरज नाही, पण तरी सांगते.

आपण दोघी एकाच सुट्टीत सायकल शिकलो. तुम्ही कुंपणाच्या झुडपात घुसलात आणि मी तुमच्यावर. सासूबाई म्हणाल्या होत्या, "दोघी एकदमच हातपाय मोडून घ्या, म्हणजे डॉक्टरला एकच खेप." मग रोज सकाळी तुमच्या मागे गुंडी, माझ्या मागे माझं पोरगं. (तुमची लेक माझ्या दुकानात शर्टाची गुंडी गिळून बसली तेव्हापासून मी तिला दुसऱ्या नावानं हाक मारलेली नाही, आणि आता ती पन्नाशीला टेकली तरी मारणार नाही.) तुमचा उजवा कान लहानपणीच्या तापात गेलेला. म्हणून मी नेहमी तुमच्या डाव्या हाताला. म्हणजे आतली बाजू माझी आणि गाड्यांची बाहेरची बाजू तुमची. मी म्हणायचे, "ताई, अहो, बहिऱ्या कानाकडून गाड्या येतात!" त्यावर तुमचं ठरलेलं उत्तर, "ऐकूच येत नाही, तर घाबरू कशाला?"

मागून भोंगे वाजायचे. "ओ बाई, रस्ता काय वडिलोपार्जित आहे का?" तुम्ही ऐकू न आल्यासारखं करायचात. पण ते तुम्हाला बरोबर ऐकू यायचं, कारण तुम्ही हसायचात.

मला दुसऱ्यांदा दिवस राहिले आणि ते टिकले नाहीत, हे मी सगळ्यात आधी तुम्हाला सांगितलं होतं. त्याच रस्त्यावर, तुमच्या डाव्या कानात. घरात कुठे जागा होती सांगायला? प्रत्येक खोलीत माणूस. तुम्ही ब्रेक दाबला नाहीत, "अगं बाई" म्हणाला नाहीत. आपला एक हात काढून माझ्या हँडलवर ठेवलात आणि शाळेच्या फाटकापर्यंत तसाच ठेवलात. मागे पोरं बडबडत होती, त्यांना काही कळलं नाही. एकामागून एक गेलो असतो, तर तो हात पोचला नसता. म्हणून रुंदी.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. लाकडाच्या वखारीवरून दोघे भाऊ भांडले. भाऊजींना विकायची होती, ह्यांना ठेवायची. शेवटी विकलीही नाही आणि चालवलीही नाही, एका दाराला दोन कुलपं तेवढी लागली. तुम्ही सामान बांधून गुंडीच्या गावी गेलात. भांडण त्यांचं आणि ताटातूट आपली. जावा-जावांचं पटत नाही म्हणून लोक रडतात, आपलं पटत होतं तर ते असं फुकट गेलं.

आणि गंमत बघा. रस्ता आखला, सगळीकडे हवी तेवढी रुंदी मिळाली, फक्त एका ठिकाणी नाही. आपल्या वखारीच्या पायऱ्यांपाशी! तिथे पोरांना गाड्यांच्या रस्त्यावर उतरावं लागणार होतं. गावभर मी भांडत फिरले आणि आडव्या आल्या त्या घरच्याच पायऱ्या. औषधवाल्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पायऱ्या काढायला दोन्ही भावांची संमती हवी. हे म्हणाले, "आधी त्याला सही करू दे." तिकडे भाऊजीही हेच म्हणणार, हे मला पक्कं ठाऊक. म्हणून मी गुंडीला गाठलं.

ती मागच्या महिन्यात स्वतः कागद घेऊन आली. भाऊजींची सही झालेली होती. ह्यांनी कागद खिडकीपाशी नेला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "अक्षर हललंय त्याचं." मग खाली सही केली आणि आत जाऊन पडले. जेवायलाच उठले. परवा पायऱ्या फोडल्या तेव्हा हे तिथे उभे होते, कामगारांना उगीच "सावकाश, सावकाश" म्हणत. आता वखारीचं दार हवेत लोंबतंय, दोन्ही कुलपांसकट. भाऊजींना एवढं सांगा की धाकटा विचारत होता, हात का थरथरतो म्हणून. मला म्हणाले, "तू लिहू नकोस." मी लिहिते आहे.

आता फोनचं.

इथपर्यंत मी सगळ्या गावाच्या गोष्टी सांगितल्या, कारण हे लिहायला हात धजत नव्हता. तुम्ही गेलात त्यानंतर मी फोन करायचे, तर तुम्ही तुटक बोलायचात. "हं." "बरं." "ठेवते." मला वाटलं, भाऊजींच्या बाजूनं बोलताहेत. मग मुलाचं लग्न ठरलं म्हणून फोन केला, तर तुम्ही "हॅलो, हॅलो" म्हणालात आणि ठेवून दिलात. लगेच पुन्हा केला. पुन्हा तसंच. मी म्हटलं, एवढा राग? मग मलाही आला, आणि मी तो चांगला इस्त्री करून, घडी घालून ठेवला. लग्नाला गुंडी एकटी आली, तेव्हा तिला आई कशी आहे एवढंही विचारलं नाही.

मागच्या महिन्यात ती कागद घेऊन आली, तेव्हा जेवताना आपणहून म्हणाली, "काकू, आईला आता फोनवर काहीच ऐकू येत नाही गं. डावा कानही गेलाय. कधीपासूनच. तुझा नंबर दिसला की धावत येऊन उचलायची. दोनदा हॅलो म्हणायची आणि ठेवायची. मग मला सांगायची, काकूचा फोन होता, काहीतरी बोलली असेल."

माझा घास हातातच राहिला. मी म्हटलं, "आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तिनं शपथ घातली होती. म्हणाली, धाकटीला कळवू नकोस, ती रडत बसेल."

रडले, ताई. बसून रडले, उभं राहून रडले, दुकानात गिऱ्हाइकाचं माप घेताना रडले.

त्या दोन फोनवर मी काय बोलले होते, ते आता सांगते. पहिल्यात म्हटलं होतं, "ताई, मुलाचं लग्न ठरलं, तुम्ही आधी या, मला एकटीला काही सुचत नाही." दुसऱ्यात म्हटलं होतं, "ताई, बोला ना." बस. एवढंच तुमच्यापर्यंत पोचायचं राहिलं होतं.

गुंडीनं आणखीही सांगितलं. कानातलं यंत्र शीळ घालतं म्हणून तुम्ही ते खणात टाकलंय. मागून आलेली मोटरसायकल अंगाला घासून गेली, तेव्हापासून तुम्ही घराबाहेर पडत नाही. खिडकीत बसता. समोर बसून कुणी सावकाश बोललं, तर तोंडाकडे बघून ओळखता, पण माणसांना तेवढा दम नसतो. ज्या बाईला बहिऱ्या बाजूच्या गाड्यांची भीती वाटली नाही, ती खिडकीत बसलीये, हे मला सहन होत नाही.

म्हणून एकोणीस तारखेला या. गुंडी गाडी घेऊन आणायला तयार आहे. भाऊजी आले तर उत्तम, नाही आले तर दोघे भाऊ आपापली कुलपं सांभाळोत. तुमची सायकल माझ्या दुकानाच्या मागे अजून आहे. ती कुणाला दिली नाही, मागायला आले तरी दिली नाही. चाकं बदलून घेतली. नाही चालवता आली, तर चालू. मी भांडताना दोन्ही अंगांच्या रुंदीसाठी भांडले होते. या रस्त्यावर मागून गाडी येत नाही, ताई. ऐकू आलं नाही तरी चालतं. आलंच तर एखादं पोर घंटी वाजवत येईल, ते मी ऐकेन. बोलायचं झालं की थांबू. मी समोर उभी राहून सावकाश बोलेन. मला दम आहे.

खरं सांगू? मी अजून रांगेच्या शेवटी एकटीच असते, आणि तरी शेजारी एका सायकलीची जागा सोडून चालवते. पोरं ओरडतात, "काकू, मधोमध चला की!" मी म्हणते, जागा धरलीये.

उत्तर लिहू नका, तुमचं अक्षर मला पहिल्यापासून लागत नाही. फोन करा. तुम्हाला ऐकू येत नसेल, मला येतं. तुम्ही नुसतं "येते" म्हणा आणि ठेवून द्या. या वेळी मी रागावणार नाही.

आणि एक. आता कुठला कान कुठल्या बाजूला येतो, हे बघायचं कारण उरलं नाही. इतकी वर्षं तुम्ही मला आत घेऊन चाललात. त्या दिवशी आतली बाजू तुमची.

बाहेरच्या बाजूनं,
तुमची धाकटी